घरच्या शेगडीसाठी स्टेक आणि सुऱ्या: गोव्यात पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी फोंड्याला राहतो. रविवारी अंगणात शेगडी पेटली की शेजारी, ऑफिसातले मित्र, बहिणीच्या सासरची मंडळी असे सगळे येतात आणि दरवेळी तेच प्रश्न विचारतात. कुठला मासा घेतलास, मांस एवढं मऊ कसं झालं, ही सुरी कितीला पडली. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं बरेच दिवस मनात होतं.

स्टेक म्हणजे बीफच ना? मग माशाचं काय?

स्टेक म्हणजे स्नायूच्या धाग्यांना आडवा छेद देऊन काढलेला जाड काप. तो बीफचा असेल, डुकराच्या मानेचा असेल किंवा इसवणाचा. इसवण म्हणजे मुंबई-पुण्याकडची सुरमई. आपल्याकडे आजी-पणजीच्या काळापासून इसवणाची कापं होतात, ती स्टेकच आहेत. फरक इतकाच की आपण ती पातळ करतो, रव्यात घोळवतो आणि तळतो. शेगडीवर तेवढी पातळ कापं कोरडी पडतात आणि जाळीला चिकटून तुटतात.

किलोचा भाव बघून घ्यावं का?

किलोचा भाव बघा, पण त्यावर थांबू नका. ताटात पडणाऱ्या एका कापाला किती पैसे पडले ते काढा.

समजा, अख्खं इसवण ७०० रुपये किलोने मिळतंय आणि कापून ठेवलेले तुकडे १,१०० रुपये किलोने. तीन किलोचा मासा २,१०० रुपयांना पडला. डोकं, शेपटी, आतडी गेल्यावर माझ्या तराजूवर साधारण सव्वादोन किलो कापं उतरतात, म्हणजे ९३३ रुपये किलो. तयार तुकड्यांपेक्षा किलोमागे दीडशेहून अधिक वाचले. वर डोकं हुमणाला (माशाच्या आमटीला) आलं, ते वेगळंच. आणि पैशांहून मोठी गोष्ट म्हणजे जाडी तुमच्या हातात राहिली. माझ्या लेखी सगळी बचत इथेच आहे: मोठा तुकडा आणायचा आणि घरी कापायचा. त्यासाठी एक चांगली सुरी लागते, म्हणून या पानावर मांस आणि सुऱ्या एकत्र आल्या आहेत.

मासा घरी कापायची हिंमत होत नसेल तर मासेवालीकडूनच कापून घ्या, पण आधी बोला. काही न सांगता दिलंत तर ती तळणीच्या मापाने पातळ करून देणार, कारण दहातली नऊ गिऱ्हाइकं तशीच मागतात. "दोन बोटं जाड कर गो बाय" एवढं म्हटलं की पुरतं. दोन बोटं म्हणजे तीन सेंटीमीटरच्या आसपास.

इसवण परवडत नाही. दुसरा कुठला मासा घ्यावा?

मोडसो (इंग्रजीत कोबिया). घट्ट मांस, काटे कमी, जाळीवर तुटत नाही आणि बहुतेक वेळा इसवणापेक्षा स्वस्त. लोक त्याला दुय्यम समजतात याचं मला खरंच वाईट वाटतं. कुप्पाही (ट्यूना) चांगला, पण तो जास्त भाजला की भुशासारखा लागतो. चणक (जिताडा) आणि तांबसो (तांबोशी) चवीला सुरेख, पण ते कापांपेक्षा अख्खे भाजलेले बरे. आणि बांगडा! स्टेक नव्हे, पण अंगावर चिरा पाडून, रेशाद (आपला लाल, आंबट-तिखट मसाला) भरून निखाऱ्यावर ठेवलेल्या ताज्या बांगड्याइतका वसूल सौदा गोव्याच्या बाजारात दुसरा नाही.

ताजा मासा कसा ओळखायचा? फॉर्मॅलिनची भीती वाटते.

जुलै २०१८ मध्ये फॉर्मॅलिनवरून (मासा टिकवायला चोरून लावलं जाणारं विषारी रसायन) गोवाभर गदारोळ झाला होता आणि सरकारने बाहेरच्या राज्यांतल्या मासळीवर काही दिवस बंदी घातली होती. तेव्हापासून ही भीती गेलेली नाही. घरी डोळ्यांनी बघून फॉर्मॅलिन पकडता येईल असं मी सांगणार नाही. ताजेपणा मात्र कळतो. कल्ले लालभडक हवेत, डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, पोटाकडे बोट दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा, वास समुद्राचा हवा. कापून ठेवलेल्या तुकड्यात यातल्या बऱ्याच खुणा नाहीशा होतात. अख्खा मासा घेण्याचं हे आणखी एक कारण.

इसवण, बांगडा आणि कुप्पा एकाच कुळातले मासे. ते उन्हात राहिले की त्यांच्या अंगात हिस्टामिन तयार होतं. तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं हा त्याचा त्रास. एकदा तयार झालेलं हिस्टामिन भाजून किंवा तळून जात नाही. म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाताना स्कूटरच्या डिकीत बर्फाची पेटी असू द्या. मासा घ्या आणि थेट घरी या. बाकीची खरेदी आधी उरकायची.

भाव कधी उतरतात?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा मोठं इसवण घ्यायच्या फंदात पडू नका. जे मिळतं ते बहुतेक बाहेरून किंवा बर्फातलं असतं आणि महाग असतं. १ ऑगस्टला ट्रॉलर सुटतात, त्याच सुमारास आपल्यापैकी अनेकांचा श्रावण चालू असतो. ज्यांच्या घरी श्रावण पाळत नाहीत त्यांनी तेव्हा बाजार गाठावा. नाताळ ते नवं वर्ष या दिवसांत हॉटेलवाले सगळं उचलतात, तेव्हा मासाही महाग आणि पोर्कही महाग.

गोव्यात बीफ कायद्याने चालतं का?

गाईच्या कत्तलीला १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. बैल, म्हैस, रेडा यांच्यासाठी १९९५ चा कायदा आहे आणि तपासणी करून प्रमाणपत्र मिळालेल्या जनावराचं मांस विकता येतं. उसगावला गोवा मीट कॉम्प्लेक्स हा सरकारी कत्तलखाना आहे. आपल्याकडचा बराचसा पुरवठा बेळगावकडून येत असे. कर्नाटकाचा २०२० चा नवा कायदा जानेवारी २०२१ पासून लागू झाला, तेव्हापासून पुरवठा अधूनमधून अडतो आणि भाव वरखाली होतो. परवान्याच्या दुकानातूनच घ्या. स्वस्त म्हणून कुणाच्या डिकीतून घेतलेलं मांस कुठल्या जनावराचं आणि किती तासांपूर्वीचं, हे तुम्हाला कोण सांगणार?

मग कुठला भाग घ्यावा?

जो स्नायू जनावराने कमी वापरला तो मऊ. पाठीच्या कण्याला आतून लागून असलेला अंडरकट सर्वांत मऊ, म्हणून सर्वांत महाग. पण चवीच्या बाबतीत तो सौम्य असतो. कण्याच्या वरच्या बाजूचं सरलॉइन आणि बरगड्यांजवळचा रिबआय यांना दात थोडे जास्त लागतात आणि चवही जास्त असते. पाहुणे बारा असतील तर मी सरलॉइन घेतो. अंडरकट चौघांसाठी.

अंडरकट अख्खा घ्या, स्लाइस केलेला नको. त्याच्या अंगावर एक पांढरट, चकचकीत, चिवट पापुद्रा असतो. तो शिजून मऊ होत नाही, आक्रसतो आणि स्टेकची वाटी करून टाकतो. अरुंद पात्याच्या सुरीचं टोक पापुद्र्याखाली घालायचं, धार किंचित वर रोखायची आणि पापुद्रा ताणून धरत सुरी पुढे सरकवायची. पहिल्या वेळी थोडं मांस पापुद्र्याबरोबर जाईल. जाऊ दे. बाजूची लांबट पट्टी आणि निमुळतं टोक वेगळं काढून चिली फ्रायला ठेवा. मधला एकसारख्या जाडीचा भाग स्टेकसाठी. म्हणजे एकाच तुकड्यात दोन दिवसांची जेवणं निघतात.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार क्वचितच सांगतो. आपल्याकडे सकाळी कापलेलं मांस सकाळीच विकलं जातं. जनावर मेल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि त्या अवस्थेतला स्टेक कितीही चांगल्या भागाचा असला तरी चामड्यासारखा होतो. फ्रिजमध्ये ४ अंशांखाली दोन-तीन दिवस ठेवला की मांसातलीच एन्झाइम्स धागे सैल करतात. स्वच्छ ताटलीत, जाळीवर, सगळ्यांत खालच्या कप्प्यात ठेवायचं, अधूनमधून कागदाने टिपायचं. एक पैसा न खर्च करता एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. हे फक्त अख्ख्या तुकड्याला लागू, खिम्याला मुळीच नाही.

आमच्या घरात बीफ येत नाही. आम्ही काय भाजावं?

माझ्या आईच्या स्वयंपाकघरातही येत नाही, आणि शेगडीचं काही अडत नाही. मासा तर आहेच. पोर्क चालत असेल तर चॉपऐवजी (हाडासकटच्या कापाऐवजी) मानेचा जाड काप मागा. चॉप दिसायला छान, पण जरा दुर्लक्ष झालं की कोरडं. मानेत चरबी धाग्यांमध्ये विणलेली असते, ती वितळत राहते आणि मांस ओलं राहतं. शिवाय चॉपपेक्षा भाव बहुधा कमी. चॉपच घ्यायचे असतील तर एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तासभर बुडवून ठेवा, मग पुसून भाजा.

मटण म्हणजे आपल्याकडे बकरा. त्याचा जाड स्टेक करू नका, चिवट होतो. बरगड्यांचे चॉप घ्या, कच्च्या पपईचा गर चमचाभर चोळा आणि तासाभरात भाजा. पपई रात्रभर लावली तर वरचा थर लगद्यासारखा होतो.

'इंपोर्टेड' स्टेकला दुप्पट पैसे द्यावेत का?

गोमांसाच्या आयातीला भारतात बंदी आहे. त्यामुळे बीफवर असा शब्द दिसला तर आधी कागद मागा. कोकराच्या मांसाचं वेगळं. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला तेव्हा त्यावरचं ३० टक्के आयात शुल्क गेलं. क्वचित कधी लाड म्हणून घ्यायला हरकत नाही.

बारा चाकूंचा संच ऑफरमध्ये मिळतोय. घेऊ?

नको. मी लग्नानंतर असाच एक घेतला होता, लाकडी ठोकळ्यासकट. त्यातल्या दोनच सुऱ्या वापरात राहिल्या, त्यांचीही धार दोन महिन्यांत गेली आणि पावसाळ्यात ठोकळ्याच्या खाचांत बुरशी धरली. त्याच पैशांत दोन चांगल्या सुऱ्या आणि एक धारेचा दगड आला असता.

घरच्या शेगडीसाठी मला लागतं ते एवढंच: २० सेंटीमीटरची मोठी सुरी, १५ सेंटीमीटरची अरुंद पात्याची सुरी (पापुद्रा काढायला, हाडाभोवती फिरवायला, मासा सोडवायला) आणि दगड. हाड तोडायला कोयता वेगळा.

जर्मन, स्विस की जपानी?

पात्याचा कणखरपणा रॉकवेल आकड्यात मोजतात. युरोपीय सुऱ्या साधारण ५५ ते ५८, जपानी व्हीजी-१० पोलादाच्या ६० च्या आसपास. आकडा मोठा म्हणजे धार जास्त टिकते, पण पातं ठिसूळ होतं. इसवणाच्या कण्यावर किंवा चॉपच्या हाडावर जपानी सुरी आपटली की धारेचा कपचा उडतो. ५५ ते ५८ आकड्याची सुरी तिथे वाकेल, बोथट होईल, पण दहा मिनिटांत दगडावर परत येईल. आपल्या घरात ती सुरी आई, बायको, मुलं, मदतीला येणारी बाई सगळी वापरतात. म्हणून मी मऊ पोलादाची घेतो.

पात्यावर एक्स-५० ने सुरू होणारी अक्षरं कोरलेली दिसली तर ते जर्मन पद्धतीचं, अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियमचं पोलाद. त्याच्या महागड्या आणि मध्यम किमतीच्या सुऱ्यांत पोलाद तेच असतं, पैसे मूठ, घडाई आणि नावासाठी जातात. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीची प्लॅस्टिक मुठीची साधी सुरी दिसायला सुंदर नाही, पण जगभरचे कसाई तिच्यावर दिवस काढतात, आणि ओल्या हातात ती निसटत नाही. पहिली सुरी म्हणून मी डोळे मिटून तीच सुचवतो.

कार्बन स्टील घ्यावं का?

धार अप्रतिम लागते. पण गोव्याच्या जुलैत ओली राहिलेली सुरी तासाभरात लाल होते, सोलां (आमसुलं) आणि विनेगार लागले की काळी पडते. वापरल्या क्षणी पुसून खोबरेलाचं बोट फिरवायची सवय असेल तरच.

धार घरी लावायला जमेल का?

जमेल, आणि सगळ्यांत जास्त वसूल होणारा खर्च हाच. १००० नंबरचा एक दगड पुरे. सुरी फारच बोथट असेल तर ४०० नंबरचाही. दगड दहा मिनिटं पाण्यात भिजवा, खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकणार नाही. कोन वीस अंशांचा. तो कसा मोजायचा हे कुणी सांगत नाही म्हणून लोक घाबरतात. पातं साडेचार सेंटीमीटर रुंद असेल तर सुरीची पाठ दगडापासून दीड सेंटीमीटर वर धरा, तो झाला वीस अंश. तेवढ्या जाडीचं लाकूड आधी मापायला ठेवा, हात दोन-तीन वेळांत शिकतो.

एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूच्या कडेला अंगठा आडवा फिरवल्यावर बारीक खरखर जाणवेपर्यंत. ती पूर्ण लांबीवर यायला हवी. बहुतेक लोक ती येण्याआधीच बाजू बदलतात आणि मग म्हणतात दगड कामाचा नाही. मग दुसरी बाजू, मग दाब कमी करत आलटून पालटून. शेवटी पिकलेला टोमॅटो घ्या. सुरी नुसत्या वजनाने सालीत शिरली की झालं.

काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर कापू नका. फणसाच्या लाकडाचा पाट उत्तम.

बाजारात चाकवाला धारवाला येतो, त्याच्याकडे दिली तर?

कोयता द्या. चांगली सुरी देऊ नका. मी एकदा दिली होती. कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या, कडा निळसर झाली. कडक केलेलं साधं पोलाद निळं पडतं तेव्हा ते सुमारे ३०० अंशांवर गेलेलं असतं आणि तिथला कणखरपणा उतरलेला असतो. त्या सुरीची धार पुढे आठवडाभरही टिकेना. निळा भाग पूर्ण घासून काढायला मला दोन रविवार लागले.

लोहाराचा कोयता आणि घरची आदोळी (विळी) बाद करायची का?

मुळीच नाही. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा घडवलेला कोयता हाडासाठी कुठल्याही परदेशी क्लीव्हरपेक्षा कमी नाही, आणि त्याची किंमत त्याच्या काही पटींनी कमी असते. गावातला लोहार जगतो तेही महत्त्वाचं. आदोळीवर माझी आई पाच मिनिटांत बांगड्यांची टोपली साफ करते, मला सुरीने पंधरा लागतात. जाड, सरळ कापाला मात्र लांब पात्याची सुरीच हवी. आदोळीवर मासा आपण ढकलतो, त्यामुळे जाडी एका बाजूला कमी पडते.

ताटाजवळ ठेवायच्या स्टेक नाइफ?

दातेरी स्वस्त मिळतात आणि बराच काळ चालतात, पण मांस फाडतात आणि त्यांना घरी धार लावता येत नाही. सपाट धारेच्या चार घ्या, बारा नकोत.

कोळसा कुठला?

नारळाच्या करवंटीचा कोळसा. कडक आच, धूर कमी. नुसत्या करवंट्याही चालतात, पण ज्वाळा बसून निखारे होईपर्यंत थांबा. निखारे एका बाजूला लोटा. भरलेल्या बाजूला रंग आणायचा, रिकाम्या बाजूला आत शिजवायचं. रंगवलेलं फर्निचरचं लाकूड किंवा प्लायवूड कधीही जाळू नका.

रेशाद लावून भाजलं तर करपतं. काय चुकतं?

रेशादात साखर आणि मिरची असते, दोन्ही लवकर करपतात. माशाला पातळ थर द्या आणि मध्यम आचेवर भाजा. बीफच्या स्टेकला आधी फक्त मीठ. आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ असेल तर छानच. मीठ एक तर ४० मिनिटं आधी लावा किंवा अगदी जाळीवर ठेवताना. मधल्या वेळेत लावलं तर सुटलेलं पाणी वर साचतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. रेशाद हवाच असेल तर शेवटच्या मिनिटाला ब्रशने.

आत शिजलंय हे कसं कळणार?

डिजिटल थर्मामीटर घ्या. फार महाग नसतो, आणि एक अंडरकट वाचला की पैसे फिटतात. बीफचा अख्खा स्टेक आत लालसर हवा असेल तर ५५ अंशांच्या आसपास, पण अमेरिकेचं कृषी खातं सुरक्षिततेसाठी ६३ अंश आणि तीन मिनिटं विसावा सांगतं. लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं जेवायला असतील तर मी ६३ च धरतो. मासाही ६३. खिम्याच्या पॅटीला ७१, कोंबडीला ७४. पोर्कबद्दल बाहेरचे लोक ६३ म्हणतात, मी मात्र ७० च्या पुढे नेतो, कारण आपल्याकडे डुकराच्या मांसातून पट्टकृमी होण्याचा धोका खरा आहे. उतरवल्यावरही आतलं तापमान तीन-चार अंश चढतं, तेवढं आधी काढा. थर्मामीटर नसेल तर माशासाठी एक अंदाज: अडीच सेंटीमीटर जाडीला एकूण दहा मिनिटं.

पावसात शेगडी कशी पेटवणार?

नका पेटवू, आणि बंद खोलीत कोळसा तर कधीच नाही. त्याच्या वायूने जीव जातो. बिडाचा तवा गॅसवर पाच-सात मिनिटं तापवा, खिडकी उघडी ठेवा, स्टेक कागदाने अगदी कोरडा पुसा आणि तेल तव्याला नाही, मांसाला लावा. दर मिनिटाला उलटत राहा. तवा आईकडे असेलच. गंजला असेल तर मीठ आणि नारळाच्या सोडणाने घासा, तेल लावून तापवा. नवा घ्यायची गरज नाही.